मुंगूस धरणारे डालगे

मित्रांनो, परसात गोवऱ्यांच्या ढिगावर पालथे पडलेले काळपट डालगे तुम्ही पाहिले असेल. तेच मी. कोंबड्या आणि पिल्ले झाकून ठेवायची बांबूची मोठी टोपली म्हणजे डालगे. आता मी म्हातारे झाले आहे, माझ्या दोन कामट्या तुटल्या आहेत, पण माझी आठवण शाबूत आहे. माझ्याशी कोण कसे वागले, ते मी विसरत नाही. मुंगसाला तर मी या जन्मात माफ करणार नाही. का, ते ऐका.

माझा जन्म भोरचा. सोनबा बुरुडांनी ओला बांबू फाडून, कामट्या तासून मला विणले. "ह्याच्यावर रेडा बसला तरी दबायचं न्हाई," असे त्यांनी गिऱ्हाइकाला ठणकावून सांगितले. ते गिऱ्हाईक म्हणजे मार्गासनीचे गेनबा. त्यांनी मला एसटीच्या टपावर टाकले आणि घरी आणले. साल असेल एकोणीसशे पंच्याण्णव. टपावर बसून मी भोवतालच्या डोंगरांकडे मोठ्या तोऱ्यात पाहत आले.

गेनबांच्या घरात कोंबड्यांचा कारभार त्यांच्या बायकोकडे, ठकुबाईंकडे होता. त्यांच्या आठ कोंबड्या परसातल्या खुराड्यात राहत. मुलगा कापूरहोळला गॅरेजात कामाला होता. त्याची बायको मंगल विंझरची. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ती माहेरी गेली आणि येताना काखेत एक ठिपक्यांची कोंबडी घेऊन आली. घरातली भांडी सासूची, म्हैस सासऱ्यांची. मंगलचे स्वतःचे म्हणावे असे ती एक कोंबडीच होती.

उन्हाळ्याच्या अखेरीस ती कोंबडी खुडूक झाली. मंगलने तिला तेरा अंड्यांवर बसवले. एकविसाव्या दिवशी अकरा पिल्ले निघाली आणि ती सगळी माझ्या हवाली झाली. मंगल त्यांना कण्या टाकायची, वाटीत पाणी ठेवायची आणि माझ्या डोक्यावर दगड ठेवून शेतावर जायची. अकरा चोची माझ्या पोटात दिवसभर टकटक करत. इतके सुख मला पुन्हा कधी मिळाले नाही.

एकच चूक झाली. मला कुठे ठेवायचे, ते ठकुबाईंनी ठरवले. "ओट्याखाली ठिव, डोळ्याम्होरं ऱ्हाईल," त्या म्हणाल्या. ओट्याखाली पागोळ्यांच्या पाण्याने जमिनीत चर पडला होता. माझी कड तिथे टेकत नव्हती. खाली मूठभर फट राहिली होती. ती मला कळत होती, पण डालग्याला कोण विचारतो?

एके दिवशी भर दुपारी परसातल्या दगडी तालीतून, म्हणजे बांधाच्या रचलेल्या दगडांतून, मुंगूस बाहेर आले. ओट्यावर भात पाखडणाऱ्या ठकुबाईंनी त्याला पाहिले आणि सूप खाली ठेवून चक्क हात जोडले! आमच्याकडे मुंगूस दिसणे शुभ मानतात. त्याने तोंड दाखवले की दिवस चांगला जातो म्हणे. "आज लाभ हुणार बग," त्या मंगलला म्हणाल्या आणि सूप घेऊन आत गेल्या. मंगलही शेतावर गेली. मग तो लाभ माझ्या कडेखालून आत शिरला आणि दोन पिल्ले घेऊन गेला. कोंबडी ओरडत त्याच्या अंगावर धावून गेली, तर तिच्या मानेची पिसेही त्याने उपटली. मी काय करणार? माझ्या डोक्यावर दगड होता. मी नुसते पाहत राहिले.

संध्याकाळी ठकुबाईंची बोलणी मंगलने खाल्ली. "घारीनं न्हेली असतील. तुजं ध्यान कुठं असतं गं? माहेरीबी अशीच झोपा काढीत व्हतीस का?"

"आत्याबाई, डालग्याखालनं घार कशी न्हेईल? मला त्या मुंगसाचा वास येतुया."

"गप! देवाच्या जनावराला नावं ठिवू नगंस."

पुढच्या दहा दिवसांत ते आणखी तीनदा आले. अकराची चार राहिली. प्रत्येक वेळी ठकुबाई मुंगसाला हात जोडत आणि संध्याकाळी सुनेला बोलत, पण माझी जागा काही बदलू देत नसत. शेवटी तर त्यांनी फर्मान काढले. "ही कोंबडीच पांढऱ्या पायाची हाय. आखाडाला हिलाच कापू." आखाड म्हणजे आषाढातला कोंबड्या-मटणाचा बेत. तो पाच दिवसांवर आला होता. पांढऱ्या पायाची हा शब्द कोंबडीसाठी होता, पण तो कुणाला लागला ते सगळ्यांना कळले. मंगलने कोंबडीसकट चारही पिल्ले उचलली, घरात नेऊन पाटीखाली झाकली आणि मला उचलून परसात आणले.

मित्रांनो, त्या क्षणी मला इतका आनंद झाला की काय सांगू! तिने सपाट, सारवलेली जागा निवडली. माझ्या कडेवरून बोट फिरवून पाहिले. मग मुले चिमण्या धरायला टोपली लावतात तसे एका बाजूने काठीचा टेकू देऊन मला उभे केले, माझ्या डोक्यावर दगड ठेवून तो सुतळीने बांधला, टेकूला लांब दोरी बांधली आणि खाली माहेरच्या कोंबडीचे न उबलेले एक अंडे ठेवले. दोरीचे टोक घेऊन ती गोठ्यात जाऊन बसली. पहिल्या दिवशी मुंगूस आले नाही. दुसऱ्या दिवशी पाऊस होता. तिसऱ्या दिवशी दुपारी उघडीप झाली आणि माझा वैरी तालीतून निघाला. नाक हलवत, सावकाश, स्वतःच्या घरात शिरावे तसा.

दोरी ओढली गेली. मी माझ्या सगळ्या वजनानिशी खाली आले. आतून त्याने धडका दिल्या, माझ्या दोन कामट्या दातांनी फोडल्या. मला फार दुखले, पण मी कड उचलू दिली नाही. सात पिल्ले मी एकेक करून आठवत होते. तेवढ्यात मंगल धावत आली आणि दगडावर चक्क बसली.

"आगं सोड त्येला! पाप लागंल!" ठकुबाई ओट्यावरून ओरडल्या.

"सोडते, आत्याबाई," मंगल म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "मामंजी, जरा पत्रा सरकवा खालनं."

आरडाओरड ऐकून आलेल्या गेनबांनी माझ्याखाली पत्रा सरकवला. दोघांनी मला पत्र्यासकट उचलले. मंगलने मला कुठे नेले असेल? ठकुबाईंच्या खुराड्यासमोर. सकाळच्या पावसामुळे आठही कोंबड्या अजून आतच होत्या. मुंगसाचा वास लागताच त्यांनी एकच कालवा केला. मंगलने एका हाताने खुराड्याचे दार उघडले आणि दुसरा हात माझ्या कडेवर ठेवला.

"तुमी म्हणता ह्ये लाभाचं हाय. मग तुमच्याच कोंबड्यांत सोडते. लाभ तुमाला हुंदे. सोडू?"

ठकुबाई ओट्यावरून धावत पायरीवर आल्या. मंगलने माझी कड बोटभर उचलली.

"सोडू का, आत्याबाई?"

"नगं! नगं सोडूस!" ठकुबाई पायरीवरच बसल्या. मग म्हणाल्या, "तुजी पिल्लं त्यानंच खाल्ली. मला ठावं व्हतं गं. देवाच्या जनावराला कसं बोलायचं, म्हणून तुला बोलत ऱ्हायले."

मंगलने खुराड्याचे दार लावले. तिचा सूड पुरा झाला होता. माझा झाला नव्हता. गेनबांनी मला पत्र्यासकट दोरीने आवळले, सायकलला बांधले आणि नदीपलीकडच्या डोंगराखाली नेऊन त्या चोराला जिवंत सोडून दिले! मला विचारले असते तर मी त्यांना वाटेतला डोह दाखवला असता. त्याच्याबरोबर मला बुडावे लागले असते तरी चालले असते.

आखाडाला त्या घरी कोंबडी कापली गेली नाही. आमटी झाली. चारही पिल्ले जगली आणि पुढच्या वर्षी परस भरले. नंतर तारेची जाळी आली आणि मी गोवऱ्यांवर येऊन पडले. त्याचा मला राग नाही. राग आहे तो एवढाच, की सुनेची चूक नव्हती, हे ठकुबाईंच्या तोंडून निघायला सात पिल्ले जावी लागली.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी डालगे असेल तर त्याची कड हाताने चाचपून पाहा, जमीन सपाट करा, तुटलेली कामटी वेळेवर बदला. आणि पिल्लू नाहीसे झालेच, तर घरात जी नवी आहे, जिला उलट बोलता येत नाही, तिच्यावर ओरडण्याआधी एकदा वाकून डालग्याखाली बघा.