कासव सगळ्यांचं ऐकतं

संगणकाच्या वर्गातल्या बाईंचं कासव भलतंच आज्ञाधारक होतं. पडद्यावरचं टिकलीएवढं हिरवं कासव. मुलांनी "पुढे ५०, उजवीकडे ९०" असं लिहिलं, की रेघ ओढत चालू लागायचं. मुलं जे लिहितील ते बाईंचा प्रोग्रॅम जसंच्या तसं उचलायचा आणि खुद्द बाईंचाच हुकूम समजून पाळायचा. कुणी लिहिलं, कशाला लिहिलं, विचारणं नाही.

"घरातलं एक माणूस असं ऐकेल तर शपथ!" बाई म्हणायच्या.

आज वाचनालयाच्या खोलीत मुलांचे आईबाप जमले होते. वर्षभराची चित्रं बघायची होती. खरं तर चित्रं जपलेली नव्हतीच. प्रत्येकाच्या हुकमांचा मजकूर तेवढा एका फोल्डरमध्ये होता. बाईंनी कळ दाबली. यंत्रानं सगळे मजकूर एकदम वाचून घेतले आणि कासव एकेक चित्र काढू लागलं. एक घर झालं, एक शिडी झाली. मग शिंप्याच्या ठकीचं फूल.

"आमच्या ठकीचं हं!" शिंपी खुर्चीतून अर्धा उठला.

शेवटची पाकळी जुळली आणि पडदा पांढराफटक पडला. कडेला मुलांच्या नावांची यादी होती, तीही गेली. बाईंनी फोल्डर उघडलं. आत काही नव्हतं.

"ठके, शेवटी काय लिहिलंस गं?"

"सगळंसाफ," ठकी म्हणाली. "आज सकाळी जोडलं. वर्गाच्या पहिल्या दिवशी तुम्ही लिहिलंत तेव्हा पडदा स्वच्छ झाला होता ना? उठताना पुढच्यासाठी जागा आवरून उठायचं, तुम्हीच सांगता."

जुन्या मुलांचे मजकूर आणि नावं कायमची पुसून टाकायला बाईंनीच तो हुकूम बनवला होता. पडदा पांढरा होणं हे त्यातलं सगळ्यात किरकोळ काम. आणि दुसरीकडे नक्कल ठेवू ठेवू म्हणता राहूनच गेली होती.

"थांबा, मेन स्विचच पाडतो!" वायरमन भिंतीकडे धावला. त्याच्या मुलाची होडी अजून यायची होती.

तेवढ्यात कासव हललं.

रिकाम्या फोल्डरसमोर ते शांतपणे होडी काढत होतं. आधी तळ, मग शीड.

"आडात नाही, तर पोहऱ्यात आलं कुठून?" शिंपी पुटपुटला.

"हात लावाल तर खबरदार!" बाई ओरडल्या. त्यांचा असा आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता. वायरमनचा हात स्विचवरच थिजला. "फोल्डर गेलं, पण त्यानं सुरुवातीलाच सगळं पाठ करून घेतलंय. वीज गेली, की पाठ केलेलंही जाईल!"

मग सगळे कासवाकडे नुसते बघत राहिले. एरवी मुलं त्याला "चल की रे, गोगलगाय!" म्हणून चिडवायची. आज कुणी चिडवलं नाही. शेवटचं चित्र संपलं. हुकूम लिहायची चौकट पडद्यावर उघडीच होती. बाईंनी तिच्यात एक ओळ लिहिली: पाठ आहे ते पुन्हा जपून ठेव. एकेक नाव यादीत परतलं. वायरमन होता तिथेच खाली बसला.

शिंपी ठकीकडे वळला. "कार्टे, तुला नसते उद्योग—"

"तिला बोलू नका," बाई म्हणाल्या. "ती आवरून उठली. आल्यागेल्याच्या हाती घराच्या किल्ल्या दिल्या त्या मी. ये ठके, बैस इथे. कासवानं तुमचं काय काय ऐकायचं, तेवढंच आता आपण ठरवून देऊ. बाकी काही लिहिलं, तर हलायचं नाही. आणि आधी तुझी ती ओळ खोड."

ठकीनं डोळे पुसले आणि ओळ खोडली. मग हळूच विचारलं, "पण बाई, मग उठताना जागा कशी आवरायची?"

बाईंना हसू आलं. नव्या यादीत त्यांनी पहिलाच हुकूम लिहिला: फक्त पडदा पूस.