कौतिकआबांचे फुनके

दिपमाला दिवसभर लॅपटॉपपुढे बसते आणि पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं काम पारोळ्यातल्या घरून करते, एवढंच गल्लीला माहीत होतं. पण तिचे सासरे रुपचंदनाना, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, यांनी अहिराणी शब्दांच्या वह्याच्या वह्या भरल्या होत्या आणि सुनेनं त्यांची वेबसाइट केली होती, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. मोबाइलवर शब्द टाकला की अर्थ येई. काही शब्दांपुढे दाबलं की सांगणाऱ्याचा आवाजही येई.

आवाजाचं नानांनीच काढलं. दिवाळीनंतर शेजारचे कौतिकआबा आजारी पडले, तेव्हा ते म्हणाले, "दिपा, कौतिकचं बोलणं माझ्या वहीत मावत नाही. त्याचा आवाजच घेता येईल का? पण जरा लवकर कर."

तिनं दोन दिवसांत साइटला आवाजाची सोय जोडली. आबांनी ओसरीवर बसून बत्तीस शब्द सांगितले. औताचे, कपाशीचे, गुरांच्या दुखण्यांचे. मधेमधे खोकले, पाणी प्यायले, पुन्हा बोलले. माघात ते गेले.

त्या घाईत दिपमालाकडून एक गोष्ट राहून गेली होती. साइट जँगो नावाच्या तयार सांगाड्यावर बांधलेली होती आणि दूरच्या एका क्लाउड सर्व्हरवर कंटेनरमध्ये चालत होती. कंटेनर म्हणजे अॅप आणि त्याला लागणारं सगळं सामान एकत्र बांधलेलं गाठोडं. साइटमध्ये बदल केला की नवं गाठोडं बांधून सुरू करायचं आणि जुनं टाकून द्यायचं. त्याच्याबरोबर त्याच्या आत साठलेलंही जातं, म्हणून जपायचं ते आधीपासून बाहेर ठेवायचं. शब्द आणि अर्थ तिनं बाहेरच ठेवले होते. आवाज मात्र आत साठत राहिले. तेव्हापासून कंटेनर बदलायची वेळच आली नव्हती, त्यामुळे तिच्या ध्यानात आलं नाही.

चैत्रातल्या एका मंगळवारी सर्व्हरची जागा नव्वद टक्के भरल्याची सूचना आली. दिपमालानं सकाळीच सुधारलेल्या साइटचा नवा कंटेनर सुरू केला आणि जुना थांबवला. दोन-चार शब्द शोधून पाहिले. अर्थ झटकन येत होते. आता अडगळ काढायची म्हणून तिनं साफसफाईची आज्ञा दिली. थांबवलेले सगळे कंटेनर काढून टाकू का, असा प्रश्न पडद्यावर आला. होकाराचं अक्षर दाबणार, तोच दाराची कडी वाजली.

दारात सुनंदाअक्का, कौतिकआबांच्या कारभारीण. हातात नातवानं दिलेला मोबाइल, पदर डोक्यावर.

"पोरी, आज त्या बोली नही राहिनात."

"कोण, अक्का?"

"आबा. रोज सकायले ऐकस मी. आज कितला दाव दाबं, नुसतं गोल फिरी राहिनं." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "परत ग्यात का व त्या?"

नेट मंद असेल, असं दिपमालाच्या ओठावर आलं होतं. पण तो प्रश्न ऐकून तिला ते बोलवेना. अक्का रोज ऐकतात हे तिला ठाऊकच नव्हतं. तिनं त्यांना खुर्ची दिली आणि लॅपटॉपशी गेली. नव्या कंटेनरात आवाजाचा फोल्डर उघडला. रिकामा. एकही फाइल नाही.

आवाज कुठे असणार हे तिला त्या क्षणी कळलं. जुन्या कंटेनरात. आणि तो काढून टाकू का म्हणून शेजारच्या खिडकीत प्रश्न अजून तसाच उभा होता.

तिनं नकाराचं अक्षर दाबलं. एकदा दाबून भरवसा येईना म्हणून ती खिडकीच बंद केली. मग थांबवलेल्या कंटेनरांची यादी मागवली. होता! सकाळीच थांबवलेला, पण जागेवर. नाव टाइप करताना दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा नीट लिहून तिनं जुन्या कंटेनरातला फोल्डर बाहेर काढला, सर्व्हरवर वेगळी जागा करून तिथे ठेवला, एक प्रत लॅपटॉपवर उतरवली. फाइली मोजल्या. आबांच्या बत्तीसच्या बत्तीस होत्या. मग ती जागा नव्या कंटेनराला जोडून तो पुन्हा सुरू केला.

एवढा वेळ अक्का खुर्चीतून तिच्याकडे बघत होत्या. आतल्या खोलीतून नानाही येऊन उभे राहिले होते.

"लावा आता," दिपमाला म्हणाली.

अक्कांनी सवयीच्या बोटानं दाबलं. आधी खोकला आला, मग कौतिकआबांचा जाडाभरडा आवाज: "फुनके म्हंजे... डाय घडीभर भिजाडनी, भरडी वाटनी, मिरच्या-लसून टाकना, आनि वाफाडी काढना. कढीसंगे खावाना. बाकी... सुनंदाले इचारा."

अक्का हसल्या. "चाळीस वरीस संसार कया, पन मन्हं नाव कधी लिधं नही त्यासनी. 'ऐकस का' म्हनेत. तठे बोलनात बघ, मोबाइलमा."

दिपमालाला राहवलं नाही. डोळे पुसत ती म्हणाली, "अक्का, चूक मन्ही शे. तुम्ही जराशा उशिरा येतात ना, मी बठ्ठं पुसी टाकनार व्हतू."

"पुसायनं का? नही ना?"

"नही."

"मंग रडस कसाले? पानी ली ये माले."

तिनं पाणी आणलं. अक्कांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला आणि नानांकडे वळल्या. "नाना, पन त्या चुकी ग्यात. घडीभर डाय भिजाडीसन फुनके व्हतस का? दोन महिनापाइन ऐकी राहिनू. ऐकीसन लोके तसाच करतीन!"

"मग खरं काय ते तुम्हीच सांगा, वहिनी," नाना म्हणाले. "त्यानं तर तुमच्यावरच सोडलंय."

दिपमालानं फोन त्यांच्यापुढे धरला. अक्कांनी पदर सारखा केला, घसा खाकरला, फोन जरा जवळ ओढला. मग एकदम सुरू झाल्या. डाळ कोणती, किती वेळ भिजवायची, वाटताना पाणी का घालायचं नाही, मुटका किती घट्ट वळायचा. कढी फुटू नये म्हणून काय करायचं तेही. चांगली सहा मिनिटं.

"आबांचं चुकलेलं काढून टाकायचं का?" दिपमालानं विचारलं.

"नही व! त्यासनं राहू दे. मन्हं त्याना खाले लाव."

तिनं तसंच लावलं. दुपारी ओसरीवर बसून तिनं आबांचे बत्तीसही शब्द सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकले, खोकल्यासकट. सगळे नीट आहेत हे पाहिल्यावरही जुना कंटेनर तिनं त्या दिवशी काढला नाही. आठवडाभर तसाच राहू दिला. जागेसाठी दुसरी अडगळ काढली.

अक्का आता तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतात, एखादा शब्द घेऊन. नाना आधी वहीत लिहितात, मग दिपमाला फोन धरते. रोज सकाळी मात्र त्या आबांचंच ऐकतात. स्वतःचं कधी लावत नाहीत. एकदा दिपमालानं विचारलं, तर म्हणाल्या, "मन्हं माले ऐकीसन काय करू व माय?"