पालथा ग्लास

सासू-सुनेच्या त्या हॉटेलात एक पद्धत होती. गिऱ्हाईक बसलं की सून स्वतः टेबलापाशी जायची, शंका आली तर ओळखपत्र मागायची, आणि जो कोणी एकवीसच्या आतला निघेल त्याच्यापुढचा ग्लास पालथा घालायची. पालथ्या ग्लासात दारू ओतायची नाही. मग कितीही गर्दी उसळो, वय ताडायला लंबूला कोणाचं तोंड बघावं लागत नसे. लंबू म्हणजे वेटर. सुनेच्या नवऱ्याने हे हॉटेल उभं केलं तेव्हापासूनचा.

नवरा गेला आणि दारूचा परवाना त्याच्याच नावावर राहिला. तो आता सुनेच्या नावावर व्हायचा होता. कचेरीतून माणूस तपासणीला येणार होता, कधी ते देव जाणे. एक चूक सापडली की दारू बंद, आणि दारू बंद म्हणजे हॉटेलच बंद. नुसतं जेवायला तिथं कोण येणार?

सासूला दारूचा वास सोसत नसे, पण माणसांची भारी हौस. दारात येईल त्याच्यात देव बघावा, एवढंच तिचं शास्त्र. संध्याकाळी खाली येऊन ती टेबलाटेबलावर चौकशी करायची. बाटल्यांकडे मात्र ढुंकून बघायची नाही, म्हणून पालथ्या ग्लासाची भानगड तिला कोणी कधी सांगितलीच नव्हती.

त्या दिवशी खिडकीपाशी आईबाप आणि त्यांची कॉलेजातली लेक बसली होती. "एकोणीस," लेकीने खरं ते सांगितलं. सुनेने तिचा ग्लास पालथा घातला, त्या टेबलाच्या वाइनचं लंबूला सांगितलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. इकडे सासू फिरत फिरत तिथं पोचली.

"अगं बाई! आईबापांचे ग्लास सरळ, आणि पोरीचाच उपडा? तिला पाणीसुद्धा विचारलं नाही कोणी?"

"असू दे हो आजी."

"असू दे कसं? तुझ्या घरी आले तर मला अशीच तहानलेली ठेवशील?"

ग्लास सरळ करून ती पाण्याचा जग आणायला वळली.

तेवढ्यात लंबू बाटली घेऊन आला. समोर तीन सरळ ग्लास. मुलीच्या बापाच्या थट्टेला उत्तर देता देता त्याने तिन्ही भरले. शेजारच्या टेबलावर एकटाच सूप पीत बसलेला माणूस उठला. त्याने तोंड पुसलं आणि खिशातून कचेरीचं ओळखपत्र काढलं.

"मालकांना बोलवा."

सून ओल्या हातांनीच धावत आली.

"मुलीचं वय तुम्ही विचारलंत, मी ऐकलं. मग ओतली कशी?"

"साहेब, ग्लास सरळ होता," लंबू म्हणाला. "सरळ असला की मी भरतो."

"सरळ मी केला," जग घेऊन आलेली सासू म्हणाली. "पाण्यासाठी. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक?"

"अहो, खरंच आजींनीच—" मुलगी बोलू लागली.

"गप बस," बाप पुटपुटला. "उद्या साक्षीला बोलावतील."

साहेबाने सुनेकडे पाहिलं. "घरच्या माणसाने केलं असेल तर जबाबदारी मालकाची. परवाना अडकला. नोकराने तुमचं सांगणं ऐकलं नसेल, तर कारवाई त्याच्यावर आणि तुम्हाला ताकीद. मी काय ऐकलं ते राहू द्या. काय लिहू, सांगा."

सुनेने सासूकडे पाहिलंच नाही.

"त्यांचं वय झालंय, साहेब. काय करतात, काय बोलतात, त्यांचं त्यांना आठवत नाही. ह्याला मी बजावलं होतं."

"वहिनी?" लंबू म्हणाला. मग सासूकडे वळला. "काकू, तुम्ही सांगा ना. तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

सासूने तोंड उघडलं. सुनेने तिचं मनगट घट्ट धरलं आणि कानाशी कुजबुजली, "आई, आपण दोघी कुठं जाणार?"

सासूने जग छातीशी धरला.

"असेल बाबा," ती म्हणाली. "हल्ली मला आठवत नाही."

लंबूने ॲप्रन सोडला, घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

"द्या काकू, जड आहे तो," म्हणत त्याने तिच्या हातून जग घेतला, मुलीपुढे ठेवला आणि मागच्या दाराने निघून गेला.

"साहेब, सूप गार झालं असेल," सून म्हणाली. "गरम आणते."