सुट्टीतला पत्ता

नाव: चैत्राली म्हैसकर
खोली: ३१४, तिसरा मजला
सुट्टीतला पत्ता:

(ही जागा सोडता येणार नाही. वसतिगृह २१ डिसेंबरला दुपारी बारा वाजता बंद होईल आणि ७ जानेवारीला उघडेल. फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यावा.)

वरचा कंस माझा नाही, फॉर्मचा आहे. माझी फक्त रिकामी जागा आहे.

रूममेटचं नाव: रुही भाटवडेकर

हाउसिंग ऑफिसनं आम्हा दोघींना एका खोलीत का टाकलं, माहीत नाही. दोन्ही आडनावांचा शेवट सारखा दिसला असेल. मी सांगलीहून आले, केमिकलमध्ये एमएस करायला. रुही न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरची. तिथेच जन्मली, तिथेच वाढली. मराठी तिला कळतं. एरवी बोलते ती इंग्लिशमध्ये, आणि मध्ये मध्ये मराठी वाक्यं माझ्यासाठी सोडते, सोफ्यावर आपण पाहुण्यासाठी जागा सोडतो तशी.

पहिल्या आठवड्यात तिनं दारावरच्या पांढऱ्या बोर्डवर दोघींची नावं लिहिली. माझ्या नावापुढे सूर्य काढला. मी तो तीन महिने पुसू दिला नाही.

मागील सुट्टीत आपण कुठे होता?

हा प्रश्न फॉर्मवर नाही. पण त्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

नोव्हेंबर २००६. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, बुधवारी. रुही बॅगेत कपडे कोंबत होती. न बघताच म्हणाली, "हे, तू येतेस का माझ्या घरी? मम्मा टर्की नाही करत, डोण्ट वरी. पुरणपोळी करते. सो वीअर्ड."

मी म्हणाले, "नको गं. उगाच कशाला."

आता हे नीट समजून घ्या. आमच्याकडे पहिलं 'नको' हे नको नसतं. ते दार ढकलण्याआधी वाजवलेली कडी असते. दुसरं 'नको' समोरच्यानं जरा जोर लावावा म्हणून. मग तो म्हणतो, "अगं चल, काय नको नको," आणि आपण म्हणतो, "बरं, एवढं म्हणताय तर." आईनं मला पाचव्या वर्षी शिकवलंय हे. कुणी पोहे पुढे केले की बशीवर हात आडवा धरायचा. हात किती वेळ धरायचा, तेही शिकवलंय.

मी हात आडवा धरला.

रुही म्हणाली, "ओके!"

आणि चेन ओढली. बॅगेची. त्या चेनचा आवाज मला अजून—

ती गेली. जिन्यावरून उतरण्याचा आवाज, मग नाही. मग परत आवाज, वर येणारा. मी पटकन पलंगावर बसले आणि पुस्तक उघडलं. चेहऱ्यावर 'बरं, एवढं म्हणतेस तर' तयार ठेवलं.

"फरगॉट माय चार्जर," रुही म्हणाली. भिंतीतला चार्जर उपटला. "बाय, चैत्स!"

पुस्तक उलटं नव्हतं. पण ते तिचं होतं.

सुट्टीतला मुक्काम (एकूण दिवस): ४

डायनिंग हॉल बुधवारी दुपारीच बंद झाला. मजल्यावर बावीस दारं. बावीस पांढरे बोर्ड. 'गॉन होम.' 'होम!!!' एकावर नुसतं घर काढलेलं, चिमणीतून धूर. तळघरात कपडे धुण्याची आठ मशीन, एरवी रांग. सगळी मोकळी. माझे कपडे एका मशीनचे. मी ते तीन मशीनमध्ये घातले. तिन्ही चालू केली आणि मधल्या बाकड्यावर बसून राहिले. खोलीपेक्षा तिथे बरं होतं. काहीतरी फिरत होतं.

गुरुवारी सकाळी तिथूनच कॉलिंग कार्डावरून आईला फोन. तिकडे रात्रीची जेवणं आटपलेली.

"पोचलीस का त्यांच्याकडे?" आई म्हणाली. रुही बोलावेल असं मी आठवडाभर आधीच तिला सांगून ठेवलं होतं. खात्रीच होती मला.

"हो. कालच."

"चांगली आहेत ना माणसं? आग्रह करतात का?"

"खूप."

"मग संकोच करू नकोस. दोनदा नको म्हणावं आणि घ्यावं. काकूंना फोन दे बघू, जरा आभार मानते."

मशीनमध्ये माझा निळा पंजाबी ड्रेस काचेला येऊन चिकटला, परत गेला.

"त्या आंघोळीला गेल्यात."

"आणि हा घरघर आवाज कसला?"

"मिक्सर."

"बघ," आई म्हणाली, "सणाचं घर असं वाजतं."

सुट्टीतला पत्ता: सत्यजित आणि इतर, फ्लोरिडा

खोडलं. सत्यजित आमच्या डिपार्टमेंटमधला नागपूरचा. ते पाच जण गाडी भाड्यानं घेऊन चालले आहेत. "यार, आधी बोलायचं ना," तो म्हणाला. "पाचच सीट आहेत. डिक्कीत बसतेस का?" मी हसले. तोही हसला. मग आम्ही दोघं हसायचं थांबलो.

सुट्टीतला पत्ता: हॉटेल

खोडलं. सतरा दिवस.

सुट्टीतला पत्ता:

गुरुवार. फॉर्म उद्या द्यायचा. रुही खुर्चीवर पाय घेऊन दुधातलं सीरियल खात होती. मला जे वाक्य म्हणायचं होतं ते मी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. आमच्या घरात ते कुणीच म्हटलेलं नाही. मागायचं नसतं. बोलावलं तर जायचं, तेही तिसऱ्यांदा. मी आंघोळ करताना ते म्हणून पाहिलं होतं. लॅबमध्ये, काचेची भांडी धुताना, इंग्लिशमध्ये. इंग्लिशमध्ये ते सोपं होतं. म्हणून मग ते खरं वाटेना.

"रुही. मी सुट्टीत तुमच्या घरी येऊ का?"

चमचा थांबला.

"ओह माय गॉड, ऑफ कोर्स! पण तू तर लास्ट टाइम नो म्हणालीस. मला वाटलं तुला आम्ही आवडत नाही."

"ते नो नव्हतं. ते नको होतं."

"सेम थिंग!"

"नाही गं. ते म्हणायचं असतं. मग तू परत विचारायचं. मग मी परत नको म्हणायचं. मग तू—"

"वेट. आणि एखाद्यानं खरंच मानलं तर?"

"कुणी मानत नाही."

"मी मानलं," रुही म्हणाली. तिचा चेहरा उतरला. "चार दिवस तू इथे काय केलंस?"

"कपडे धुतले."

तिनं तेवढ्यात फोन लावलाही. इंग्लिशमध्ये भराभर काहीतरी. मग फोन माझ्या हातात.

"चैत्राली ना?" सुलेखाकाकूंचा, म्हणजे रुहीच्या मम्माचा आवाज. माझ्या आईच्या वयाचा, पण कडा घासून गुळगुळीत झालेला. "ये की. आम्ही घरीच आहोत."

एकदा.

मी थांबले. फोनच्या पलीकडे कुकरची शिट्टी झाली. दुसऱ्यांदा 'ये' आलं नाही. रुही म्हणते, त्यांना अमेरिकेत येऊन चोवीस वर्षं झाली. चोवीस वर्षांत माणूस एकदाच विचारायला शिकत असेल. मग हे 'ये' खरं. किंवा त्या अजून सांगलीसारख्याच असतील, आणि हे पहिलं 'ये' माझ्या पहिल्या 'नको'साठी ठेवलेलं, लेकीनं फोन हातात दिला म्हणून. कसं ओळखायचं? दुसरी शिट्टी.

"हो," मी म्हणाले. "येते."

"बरं," काकू म्हणाल्या.

त्या 'बरं'चं मी रात्रभर काही करू शकले नाही.

सुट्टीतला पत्ता: (लिहिला. नीट, कॅपिटल अक्षरांत.)
तेथील व्यक्तीशी नातं: काकू

ऑफिसमधल्या बाईंनी विचारलं, म्हणजे नक्की कोण? मी म्हणाले, आँट. त्यांनी मान डोलावली आणि फॉर्मवर शिक्का मारला.

२१ डिसेंबर. वेस्ट विंडसर. हे फॉर्मच्या बाहेर आहे.

गॅरेजमधून घरात शिरतात इथे. बूट काढायची जागा होती, हे बरं वाटलं. रुहीचे बाबा कामासाठी हर्नडन नावाच्या गावी गेलेले, रविवारी येणार. जेवायला आम्ही तिघीच. काकू वाढत होत्या, उभ्या राहून. पोळ्या, वांग्याची भाजी, कोशिंबीर. दिवसभर त्या माझ्याशी चांगल्या वागल्या होत्या. टॉवेल, गादी, वायफायचा पासवर्ड. सगळं एकेकदा.

"पोळी?" काकू म्हणाल्या.

मी ठरवून आले होते. इथे हात आडवा धरायचा नाही.

"हो."

काकूंचा हात डब्यावर किंचित थांबला. मग त्यांनी पोळी काढून माझ्या ताटात ठेवली, आणि डबा बंद केला. तो बंद होतानाच्या आवाजावरून मला कळलं की तो रिकामा आहे. त्या अजून जेवायच्या होत्या. त्यांनी फ्रीजवरून ब्रेड घेतला आणि दोन स्लाइस टोस्टरमध्ये घातले. 

माझे कान गरम झाले. तिकडे नको म्हणून चुकले. इथे हो म्हणून.

"काकू, ही अर्धी घ्या ना."

"नको गं. खा तू."

"मम्मा इज फाइन," रुही म्हणाली. "तिला टोस्ट आवडतो."

"घ्या ना काकू."

"नको, खरंच नको. रोजचंच आहे."

रोजचंच आहे. मी पोळीचे दोन तुकडे केले. एक उचलून त्यांच्या रिकाम्या ताटात ठेवला.

"घ्या."

"शी सेड नो, चैत्स," रुही म्हणाली. "लाइक, ट्वाइस."

टोस्टर खटकन वर आला. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. खुर्ची ओढली आणि बसल्या. अर्ध्या पोळीचं ताट पुढे ओढलं.

"बरं," त्या म्हणाल्या, "एवढं म्हणतेस तर."