नेहमीचे

समतेचं प्रशिक्षण बिनबोभाट पार पडलं तर साहेबांच्या खांद्यावर आणखी एक तारा लागणार होता, आणि महिला शिपायाला मिळणार होती पुलाजवळच्या चौकीत बदली. साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं, "दिवस नीट निभाव, सही झालीच समज."

पुलापलीकडे तिचं घर. घरात अंथरुणाला खिळलेली आई; कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागायचा. सध्या तो हात धाकट्या भावाचा. नळदुरुस्तीची अर्धी कामं सोडून तो घरी धावायचा. बदली झाली तर दुपारी तीच जाऊन येऊ शकणार होती.

ठाण्यात तिला 'पलीकडची' म्हणत. लाडानं, असं म्हणणाऱ्यांचं मत होतं.

हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडल्या होत्या. हवालदारकाका तिच्या कानाशी लागले, "गोल बसवलं की आली समता! चहा मात्र साहेबांना कपात आणि आपल्याला कागदी पेल्यात."

शिकवायला आलेल्या बाई म्हणाल्या, "समजा, रस्त्यात दोघं उभे दिसले. वायरलेसवर कसं कळवाल?"

काकांना स्फुरण चढलं. मूठ तोंडाशी धरून ते गरजले, "कंट्रोल, दोन इसम, पुलापलीकडचे, नेहमीचे. तपासून घेतो!"

"नेहमीचे म्हणजे?"

अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. पलीकडचा चेहरा, पलीकडचं आडनाव. जन्मात पहिल्यांदा दिसलेला माणूसही 'नेहमीचा' ठरायचा, हीच तर त्या शब्दाची करामत. नजरा फिरत फिरत तिच्यावर येऊन थांबल्या. साहेब खाकरले.

"आमच्याकडे तिकडचीच मुलगी आहे. तीच सांगेल."

तिला आईच्या पाठीवरची, पडून पडून झालेली जखम आठवली.

"सराईत गुन्हेगार, मॅडम. ज्यांच्यावर आधीचे गुन्हे आहेत, ते."

"अस्सं! मग यात वावगं काहीच नाही." बाईंचा जीव भांड्यात पडला. "फक्त सगळ्यांनी याच अर्थानं वापरा. मोघमपणा नको."

"आजपासून तसंच," साहेब म्हणाले. टाळ्या पडल्या. काकांनी तिची पाठ थोपटली, "वाचवलंस गं पोरी!" संध्याकाळच्या आत सही झाली.

नव्या चौकीत ती जेमतेम रुळली होती. एका सकाळी वायरलेस खरखरला, "पुलाखाली एक इसम, नेहमीचा. पिशवीत पाने, पकड, लोखंडी पाइप. ठाण्यात आणतोय." आवाज काकांचा. पिशवी कुणाची, हे तिला विचारावं लागलं नाही.

ती धावत जुन्या ठाण्यात पोचली. "काका, नळदुरुस्तीचं सामान आहे ते! माझा भाऊ आहे. एक गुन्हा नाही त्याच्यावर."

"अगं, तुझा भाऊ हे मला काय ठाऊक? सवयीनं बोलून गेलो." काका खाली बघत म्हणाले. "पण आता माझ्या हातात नाही. साहेबांनी सराईत म्हणून आत घेतलाय."

पूर्वी नेहमीच्यांना दोन थपडा देऊन संध्याकाळी हाकलत. आता शब्दाला अर्थ आला होता, आणि सराईताला असं कोण सोडतं?

साहेबांनी मान वर केली नाही. "अर्थ तूच सांगितलास ना? भर हॉलमध्ये. आता 'मी खोटं बोलले' म्हणतेस? मग बदलीचंही बघावं लागेल."

सलाम करून ती बाहेर आली आणि कोठडीसमोरच्या बाकावर दिवस मावळेपर्यंत बसून राहिली.

साहेबांना तारा मिळाला. बाईंना पुढच्या ठाण्याचं बोलावणं आलं. तिची बदली तिच्याकडेच राहिली. किंमत मोजली धाकट्यानं, कोठडीत. आणि आईनं, जी त्या दिवशी अंधार पडेपर्यंत एकाच कुशीवर पडून होती.