डाव्या हाताची कात्री

"ओढू नका. ते असं सुटायचं नाही," ती म्हणाली आणि समोरच्या माणसाच्या हातून खोकं जवळजवळ हिसकावूनच घेतलं.

नाताळ चार दिवसांवर आला होता. पाच मजली दुकानाच्या तळघरात, जिन्याखालच्या काउंटरमागे ती सकाळपासून उभी होती. वरच्या मजल्यांवर लोकांनी निवडलेल्या भेटी नीट बांधून द्यायच्या आणि कुणाला नको असलेल्या बदलून द्यायच्या, हे तिचं काम. तेवीस वर्षं झाली होती. सकाळी एका बाईनं सोनेरी रिबन तीनदा सोडायला लावली. मग एकजण फोनवर बोलता बोलता आला, मेणबत्त्यांचा स्टँड पुढे सरकवून म्हणाला, "आईसाठी आहे, काहीही चालेल, फक्त दिसायला भारी पाहिजे." त्याला तिनं तो भारी दिसेल असाच बांधून दिला आणि मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. भर म्हणून काउंटरला साखळीनं बांधलेली दुकानाची कात्री. ती उजव्या हाताच्या माणसांसाठी, आणि ही पक्की डावखुरी. अंगठ्याच्या पेऱ्यावरचा फोड कालच फुटला होता. दुकानात सगळे तिला 'डावरी' म्हणत, पण तेवीस वर्षांत डाव्या हाताची कात्री आणून द्यायचं एकालाही सुचलं नव्हतं.

खोकं घेऊन आलेला माणूस पन्नाशीचा, झिजलेल्या कोटाचा, खाली बघून बोलणारा होता. "मी एका ऑफिसात आवक-जावकचा कारकून आहे," तो म्हणाला, "साहेबांनी दिलं हे काल. छान असणारच. पण उघडलं नाही मी. उघडलेलं बदलून मिळत नाही म्हणतात. घरी बायकोला थंडी सोसत नाही हो, एखादं पांघरूण मिळालं तर बघा."

ती अर्धवटच ऐकत होती. ती गाठीकडे बघत होती.

गाठ डावीकडे वळलेली होती. कागद निळा, गेल्या वर्षीचा. यंदा दुकानानं लाल काढला होता. कुठेही चिकटपट्टी नाही, दोन्ही टोकं आत दुमडलेली. असं ह्या दुकानात एकच माणूस बांधतं. वरच्या चिठ्ठीवर तिच्या भावजयीचं तिरपं अक्षर होतं, 'शुभेच्छांसह'. ही चिठ्ठी चिकटवताना भावजयीनं खालची जुनी काढायचे कष्टही घेतले नव्हते. तिच्याखालून 'बारक्यास' मधला 'बा' डोकावत होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

बारक्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. आता चांगला ढेरपोट्या साहेब झाला होता, पण तिच्या तोंडी बारक्याच. आई शिवणकाम करायची. आईही डावरी, त्यामुळे तिची कात्री खास डाव्या हाताची, कुठून कुठून शोधून आणलेली. तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि त्या कात्रीवरून दोघं भांडली. "तू उजवा, तुला तिचा उपयोग काय?" असं ही म्हणाली. "उपयोगाला नको आहे मला. खोली तुला, मशीन तुला, आईची एक वस्तू मला नको?" असं तो म्हणाला. शब्दानं शब्द वाढला आणि अबोला पडला. पहिल्या दोन नाताळांना तिनं ताठपणानंच त्याच्या घरी भेटी पाठवल्या. तिसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या वर्षी, तिचं मन वळलं.

तीन महिने शोधून तिनं एक टेबलावरचा दिवा निवडला होता. दुधी काचेचा. बारक्याचं डोकं लहानपणापासून दुखायचं, भगभगीत उजेड सोसायचा नाही, डोळ्यांवर आईच्या शिवणातला कपडा ओढून बसायचा. दुकानात तीन मांडण्या भरून दिवे होते आणि तिनं प्रत्येक पेटवून, त्याच्यासमोर डोळे मिटून बघितला होता. आणि मग खोक्याच्या तळाशी, फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून, तिनं कात्री ठेवली. फोन करून सांगितलं नाही. तोंडानं सांगायचं म्हणजे हरल्यासारखं. उघडेल, बघेल आणि करेल फोन, असं तिला वाटलं.

फोन आला नाही. अख्खं वर्ष ती जळत होती, की मेल्यानं कात्री घेतली आणि मूग गिळून बसला.

"बाई, काही चुकलं का माझं?" कारकून म्हणाला.

"चुकलं. दुसऱ्यानं दिलेली वस्तू न उघडता दुकानात आणून आपटता. देणाऱ्यानं काय बघून घेतली, कशाला घेतली, काही आहे त्याचं?"

त्याचा चेहरा पडला. "खरंय," तो म्हणाला, "पण साहेबांकडे कपाटभर होती अशी. शिपायानं एकेकाला एकेक दिलं. मला हे आलं."

त्या गरिबावर ओरडून उपयोग नव्हता हे तिला कळत होतं, आणि त्याचाच तिला आणखी राग आला. तिनं गाठ सोडली. कागद न फाटता उलगडला. दिवा होता तसाच होता. तळाशी हात घातला आणि फ्लॅनेल हाताला लागलं.

"कात्री सोबत मिळते का ह्याच्या?" कारकुनानं विचारलं.

"नाही. ही माझी आहे."

फ्लॅनेलमधून दुमडलेला कागद काउंटरवर पडला. त्यानं तो उचलला आणि सवयीनं, ऑफिसात आलेलं पत्र वाचावं तसा वाचला. "बारक्या, घे तुझी कात्री. मी हरले. आता तरी घरी येत जा. ताई." मग त्यानं वर बघितलं. "तुम्ही साहेबांच्या..."

"साहेब तुमचे. माझा बारक्या."

"साहेबांना कळलं मी इथे बदलायला आणलं, तर..." तो चाचरत म्हणाला.

"काही कळत नाही त्याला. त्याची काळजी करू नका. तिसऱ्या मजल्यावर जा, डाव्या हाताच्या मांडणीत खाली करडी ब्लँकेटं आहेत. वरची घेऊ नका, ती नुसती दिसायला. खालची दाट विणीची. गालाला लावून बघा आणि टोचलं नाही तरच आणा. दिव्याच्या बदल्यात बसेल ते."

तो जिना चढून गेला. तिनं 'काउंटर बंद'ची पाटी पुढे केली, रांगेतल्या दोन बायकांनी तोंडं वाकडी केली तिकडे बघितलंही नाही, आणि भावाला फोन लावला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"हं, ताई. बोल. मीटिंग आहे."

"गेल्या नाताळातली माझी भेट पोचली होती ना?"

"हो, हो. छान होती. हॉलमध्येच ठेवली आहे. येणारे-जाणारे विचारतात कुठून आणली."

"काय आहे रे ती?"

पलीकडे कुणाच्या तरी खुर्चीचा आवाज आला. मग दार लावल्याचा.

"परीक्षा घ्यायला फोन केलास का?" त्याचा आवाज बदलला होता. "नाही उघडली. त्याच्या आधीच्या दोन्हीही नाही उघडल्या. काय करू उघडून? मी एकच गोष्ट मागितली होती तुझ्याकडे. एक. ती धरून बसलीस आणि खोक्यांवर खोकी पाठवतेस, फुलदाणी नाहीतर अजून काय, असल्या शोभेच्या वस्तूंनी माझं तोंड बंद करायला. मी काय गिऱ्हाईक आहे तुझं?"

कात्री तिच्या डाव्या हातात होती. बोटं आपोआप कड्यांत गेली होती. सांगावं असं अगदी ओठांवर आलं. एवढंच म्हणायचं होतं, की गाढवा, त्यातच होती. तो आला असता. कदाचित आजच आला असता, रडलाही असता. लहानपणी फार रडका होता.

पण तिला संताप आवरेना. हरले म्हणून तिनं एकदा लिहून दिलं होतं, स्वतःच्या हातानं. ते कपाटात वर्षभर पडलं आणि शिपायाच्या हातून वाटलं गेलं. तेच आता पुन्हा, फोनवर, त्याच्या मीटिंगच्या मधल्या वेळात तिनं म्हणायचं? आणि आपण तरी कसले शहाणे, असंही तिला वाटलं. तेवीस वर्षं लोकांची खोकी बांधतो, आणि आपली एवढी मोठी गोष्ट खोक्याच्या तळाशी कोंबून ठेवली. स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्यात असं झालं तिला.

"डोकं दुखतं का अजून?" तिनं विचारलं.

"दुखतं," तो म्हणाला.

"उजेड कमी ठेवत जा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

कारकून खाली आला तेव्हा त्याच्या हातात करडं ब्लँकेट होतं, बरोबर खालचं. एका गालावर लोकरीचा बारीक धागा चिकटला होता. तिनं तो काढायला सांगितलं नाही. पाटी बाजूला केली, लाल कागद पसरला, ब्लँकेट मधोमध ठेवलं, टोकं आत दुमडली. रिबन हातभर मोजली. साखळीची कात्री तिथेच पडली होती. तिनं आईची उचलली. वर्षभर फ्लॅनेलमध्ये राहून तिची धार जराही गेली नव्हती. रिबन एका झटक्यात कापली गेली आणि फोडाला कळलंही नाही.

"चिठ्ठीवर काय लिहू?" त्यानं पेन काढत विचारलं.

"काही लिहू नका. तोंडानं सांगा."

त्यानं पेन खिशात ठेवलं.

"आणि घरी गेल्यावर लगेच उघडायला लावा," ती म्हणाली. "तुमच्यासमोर. तोवर उठू देऊ नका तिला."

तो मान हलवून गेला. तिनं आपली चिठ्ठी चार घड्या करून फ्लॅनेलमध्ये ठेवली, फ्लॅनेल एप्रनच्या खिशात. कात्री मात्र काउंटरवरच राहू दिली, डाव्या बाजूला, हाताशी.

"चला, पुढे कोण आहे," ती म्हणाली.