पट्टीतला लायटर

आमच्या घरात दोन पाय सडत होते, एक पोनिदीचा आणि एक माझा. सुराबायाच्या बाजारात आम्ही नवरा-बायको आयुष्यभर एकाच गाडीवर उभे राहिलो. तो कात्रीने टोफू कापतो, मी शेंगदाण्याची चटणी वाटते. शिरा दोघांच्याही फुगल्या, घोट्याजवळ जखमा दोघांनाही झाल्या. पण उपचार आधी त्याचा. एकाने गाडी सांभाळायला हवी हे त्याने ठरवलं, आणि तो एक कोण हेही त्यानेच ठरवलं. त्याची जखम भरली की माझा नंबर.

ती कशाला भरतेय! डॉक्टर रत्रींनी नीट समजावलं होतं, की पायात साचलेलं रक्त वर ढकलायला घट्ट पट्टी हवीच, प्राणवायूची खोली ही वरची मदत. आमच्या स्वारीला पट्टी नको, खोली तेवढी हवी. लोखंडी, गोल खिडक्यांची खोली; आत दाब वाढला की कानाला दडे बसतात, आणि सगळ्यांनी मास्क लावून शुद्ध प्राणवायू ओढत बसायचं. तिथून सुटला की हा थेट आमच्या शेजारच्या कॉफीच्या टपरीवर. पट्टी खिशात, पाय लोंबकळत, तोंडात लवंगेची सिगारेट.

"आज पार समुद्राच्या तळाशी जाऊन आलो, बरं का!" असं टपरीभर सांगायचा. जन्मात गुडघाभर पाण्यात उतरलेला नाही हा माणूस. मला त्याची शिसारी यायची, आणि चटणी वाटताना माझा घोटा ठणकत असायचा.

एकदा डॉक्टरांनी घरच्या माणसाला बोलावलं, म्हणून गाडी बंद ठेवून मी सोबत गेले. नवल म्हणजे त्याने पट्टी बांधली होती. आली अक्कल, असं मला वाटलं. मीही मूर्खच.

खोलीच्या दारापाशी तिथला कर्मचारी हुस्नी सगळ्यांचे खिसे-कपडे चाचपून आत सोडतो. त्याचा हात पोनिदीच्या पट्टीवरून फिरला आणि थांबला. त्याने पट्टीत बोटं घालून लायटर बाहेर काढला.

"पाक, हे काय?" आमच्याकडे मोठ्या पुरुषाला मानाने पाक म्हणतात, बाईला बू.

"विसरलो रे."

"पट्टीत विसरलात? आत एक ठिणगी पडली असती तर सगळ्यांचा कोळसा झाला असता!"

"मरायचं तर एकट्याने मर की मेल्या!" रांगेतली म्हातारी ओरडली.

डॉक्टर आल्या. त्यांनी टेबलावरच्या लायटरकडे पाहिलं. "पाक पोनिदी, तुमचं खोलीत जाणं आजपासून बंद."

पोनिदी माझ्याकडे वळला. "बू, तू सांग ना त्यांना! जखम भरायचीय अजून."

मी सांगितलं. नेसलेल्या सारोंगचा काठ वर धरला आणि म्हटलं, "डॉक्टर, ही बघा."

डॉक्टर खाली बसल्या. "कधीपासून आहे, बू?"

"ह्यांच्याइतकीच जुनी."

"मग आला का नाहीत?"

"रांगेत होते. ह्यांच्या मागे."

त्यांनी कपाटातून नवी पट्टी काढली. "पट्टी आत्ताच बांधते. छाती, कान तपासू, मग खोलीचं ठरवू."

"अगं, पण गाडीवर कोण उभं राहणार?" पोनिदीचा चेहरा पार उतरला होता.

मी टेबलावरचा लायटर उचलून त्याच्या हातात ठेवला.

"उभं कशाला राहायचं? स्टूल आहे की. पट्टी बांधा, आणि उद्या स्टोव्ह तुम्ही पेटवा."